कारण : पालकांच्या विनंतीनुसार

शाळा सोडल्याचा दाखला कधी नीट वाचलाय का? आपण काय करतो, जन्मतारीख बघतो, जातीचा रकाना बघतो, आडनावाची वेलांटी बरोबर आहे का बघतो आणि चार झेरॉक्स काढून फाईलीत टाकतो. पण त्यात खाली अजून एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. तिथं बहुतेक वेळा एकच वाक्य असतं, पालकांच्या विनंतीनुसार. वडलांची बदली झाली तरी तेच, फी झेपली नाही तरी तेच, सरांनी मारलं तरी तेच, आणि पोरीला दुसऱ्या मजल्यावर चढता येत नाही म्हणून शाळा सोडावी लागली तरी तेच. जसं काही आपल्यालाच हौस आली होती.

हे मी का लिहूलालोय (आम्ही सोलापूरकर असंच बोलतो, चालवून घ्या) तर गेली दोन वर्षं आमच्या घरात एकच विषय आहे, भाचीची शाळा बदलायची का नाही. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत उभं राहून तोच विषय, दाजींच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की तोच विषय, आणि आमच्या आईचा फोन आला की पहिलं वाक्य तेच, मग काय ठरलं? आता काय ते ठरलंय, पण ठरेपर्यंत जे कळलं ते लिहून ठेवावं वाटलं, कारण फिजिओथेरपीच्या बाकड्यावर बसलेल्या दर दुसऱ्या आईबापाला हाच प्रश्न पडलेला असतो आणि सगळे तो एकटे एकटे सोडवत बसतात.

भाचीचं नाव नको, भाचीच म्हणतो. सातव्या महिन्यात जन्मली. सेरेब्रल पाल्सी आहे, पाय ताठ राहतात, पायात स्प्लिंट घालून टाचा उचलत चालते, लांब जायचं तर वॉकर. हातसुद्धा थरथरतो, त्यामुळं वहीतली एक ओळ लिहायला तिला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात शेजारची पोरगी अर्धं पान लिहून मोकळी होते. हे झालं शरीराचं. डोक्याचं सांगतो. दाजी सुताच्या दुकानात हिशोबाला आहेत, पूर्वभागात. चौथीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत ही तिथं जाऊन बसायची. एक दिवस विचारलं, पप्पा, चाळीस काउंटचं सूत वीसपेक्षा बारीक कसं, आकडा मोठा तर सूत जाड पाहिजे ना. दाजींनी सांगितलं की एका पौंडात ८४० यार्डाच्या किती लडी बसतात तो काउंट. एवढंच सांगितलं आणि ते गिऱ्हाईकाकडं वळले. संध्याकाळी मला म्हणते, मामा, चाळीसच्या एका पौंडात ३३,६०० यार्ड झाले, म्हणजे तीस किलोमीटरच्या वर, ते सूत इथून सोडत सोडत गेलं तर मोहोळच्या अलीकडंच संपेल. कागद नाही पेन नाही. मी बीकॉम आहे, मला ते कॅल्क्युलेटरवर करून बघावं लागलं.

आता अशा पोरीबद्दल शाळेत दोन वाक्यं ऐकायला मिळायची आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच तोंडातून. सोमवारी, अहो एवढं सगळं येतं तिला, मग लिहायला काय होतं, जरा आळस करते. आणि गुरुवारी, जाऊ द्या हो, तिला कशाला पाचवीच्या स्कॉलरशिपचा ताण, तिचं चाललंय ते खूप आहे. हुशारी दाखवून मदत नाकारायची आणि अपंगत्व दाखवून संधी नाकारायची. आणि हे वाईट माणसं नाही करत हो, बाई खरंच प्रेमळ होत्या, डबा उघडून द्यायच्या, पावसात स्वतः छत्री धरून रिक्षापर्यंत सोडायच्या. पण स्कॉलरशिपचा फॉर्म त्यांनी प्रेमानेच भरला नाही.

एकदा आम्ही बुद्ध्यांकाची टेस्ट केली. आपल्याकडं मुलांसाठी जी टेस्ट अजून वापरतात ती मालिन नावाच्या माणसाने नागपुरात बसून परदेशी टेस्टवरून भारतीय मुलांसाठी १९६९ साली तयार केली, तिच्यात एक भाग तोंडी आणि एक भाग हाताने करायचा, ठोकळे जुळवा, तुकडे जोडा, खुणा भराभर लिहा, आणि समोर घड्याळ. तोंडी भागात भाचीचा आकडा वर, हाताच्या भागात खाली, आणि रिपोर्टवर ठळक अक्षरात दोन्हीची सरासरी, की मुलगी सर्वसाधारण आहे. सोलापुरात मे महिन्यात ४४ डिग्री असतं आणि थंडीत एखाद्या पहाटे १२, सरासरी काढली तर २८ येते, म्हणजे सोलापूर हे थंड हवेचं ठिकाण झालं की! ज्या बाईंनी टेस्ट घेतली त्यांनी स्वतःच सांगितलं की सरासरीकडं बघू नका, दोन आकड्यांच्या मधल्या दरीकडं बघा. पण शाळेत फाईल उघडली की आधी ठळक अक्षरच वाचलं जातं.

आणि ही गल्लत खालपासून वरपर्यंत आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण घ्या. त्यात विशेष प्रतिभेच्या मुलांबद्दल लिहिलंय, चौथ्या प्रकरणात. दिव्यांग मुलांबद्दल पण लिहिलंय, सहाव्या प्रकरणात. जे मूल दोन्ही आहे ते पाचव्या प्रकरणात पडतं, आणि पाचवं प्रकरण शिक्षकांवर आहे. म्हणजे शेवटी सगळं वर्गातल्या एका बाईंवर येऊन पडतं, ज्यांच्या समोर साठ पोरं आहेत, वर मतदार यादीचं काम आहे आणि रोज कुठल्या ना कुठल्या ॲपवर माहिती भरायचीय.

तर पाचवी संपली आणि कळलं की सहावीचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. रॅम्प आहे, सरकारी फॉर्मवर दरवर्षी 'रॅम्प आहे' अशी टिक जात असणारच, पण तो रॅम्प गेटच्या दोन पायऱ्यांचा. आणि तोही असा उभा की घसरगुंडी बरी. नियमाने एक फूट चढायला बारा फूट लांब रॅम्प पाहिजे, यांनी चार फुटात आटपलाय. पाचवीपर्यंत तळमजला होता म्हणून निभावलं, आता वर कसं जायचं. शिपाईमामा म्हणाले मी उचलून नेतो की रोज. भाची घरी येऊन एवढंच म्हणाली, मला उचलून नाही जायचं, मी अकरा वर्षांची आहे.

मग सल्ल्यांचा पाऊस. होटगी रोडला मोठी इंग्लिश मीडियम शाळा आहे, लिफ्ट आहे, तिथं टाका. कुणी म्हणालं पोखरापूरच्या नवोदयची परीक्षा द्या, एवढी हुशार आहे तर लागेलच. कुणी म्हणालं पुण्याला न्या, ज्ञान प्रबोधिनीची प्रशाला १९६९ पासून हुशार मुलांसाठीच आहे. आणि लग्नात भेटलेल्या एका काकांनी ताईच्या तोंडावर सांगितलं की अशा मुलांच्या वेगळ्या शाळा असतात, तिथं सगळी सोय असते, उगाच नॉर्मल मुलांच्यात कशाला दमवता.

यातला प्रत्येक सल्ला मी मनापासून तपासलाय, कारण सुरुवातीला मीच शाळा बदलायच्या बाजूचा होतो. पुणं घ्या. शाळा चांगली, वाद नाही. पण दाजींची नोकरी इथं, फिजिओ इथं, आजी इथं, आणि ताईने पोरीला घेऊन पुण्यात खोली करून राहायचं म्हणजे एका शाळेसाठी अख्खं घर उसवायचं. नवोदय निवासी, तिथं सहावीतल्या पोरीला रात्री पाय आखडले की चोळणार कोण. हे प्रश्न हुशारीच्या परीक्षेत विचारत नाहीत पण उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

लिफ्टवाल्या शाळेचं तर मला फार आकर्षण होतं. तोडगाच वाटला होता. मग फिजिओच्या बाकड्यावर भेटलेल्या एका बापाने त्यांच्या पोराची गोष्ट सांगितली. अशाच एका मोठ्या शाळेत टाकलं, लिफ्ट होती, वेगळी खोली होती, विशेष शिक्षिका होती, सगळं होतं. फक्त त्या खोलीत न्यायची वेळ होती गणिताचा तास. कारण तेव्हाच त्या मॅडम मोकळ्या असायच्या. म्हणजे पोरगा ज्या विषयात वर्गात सगळ्यांच्या पुढं होता त्याच तासाला त्याला उठवून अक्षर सुधारायला बसवायचे. वर्षभर. अक्षर काही सुधारलं नाही, आणि गणित म्हणलं की आता तो पोरगा पोट दुखतंय म्हणतो. सोय होती पण ती सोय त्याच्या आवडीच्या मुळावर आली.

आणि वेगळ्या शाळेबद्दल त्या काकांशी मी भांडलो असलो तरी सगळ्या स्पेशल शाळा म्हणजे पिंजरा असं मी म्हणणार नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील घ्या. लहानपणीच दृष्टी गेली, दादरच्या कमला मेहता अंध शाळेत शिकल्या, नंतर झेवियर्समध्ये गेल्या, २०१६ ला यूपीएससी पास झाल्या तर रेल्वेच्या सेवेने दृष्टी नाही म्हणून घेतलं नाही, मग पुढच्या वर्षी १२४ वी रँक काढून आयएएस झाल्या. आता यात अडवलं कुणी? अंध शाळेने नाही अडवलं, तिथं ब्रेलमध्ये सगळं शिकायला मिळालं. अडवलं ते डोळस ऑफिसने. तर वेगळी शाळा का नेहमीची शाळा ही तुलना मुळात उपयोगाची नाही, त्या शाळेत पोराचं बलस्थान वाढवणारं काही आहे का हे बघायचं. भाचीच्या बाबतीत इथं जे पर्याय आम्ही बघितले तिथं सोय होती पण तिच्या गणिताला हात घालणारं कुणी नव्हतं, म्हणून तो रस्ता आमच्यासाठी नव्हता. दुसऱ्या पोरासाठी असेल.

मग माझं म्हणणं काय? शाळा बदलायची का नाही हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की आत्ताच्या शाळेला तुम्ही कधी लेखी मागितलंय का. आणि दोन्ही गोष्टी एकाच कागदावर मागितल्यात का, शरीराची पण आणि डोक्याची पण.

आम्ही दोन वर्षं तोंडी मागत होतो. ताई गॅदरिंगला भेटली की बोलायची, मी फी भरायला गेलो की बोलायचो, सर हो हो म्हणायचे, चहा पाजायचे. तोंडी मागितलं की ते उपकाराच्या खात्यात जातं, आणि उपकार करणाऱ्याच्या सवडीने होतो. सहावीच्या जूनमध्ये ताईने अर्ज लिहिला. एक पान. तीन मागण्या, वर्ग तळमजल्यावर, परीक्षेत लेखनिक (ती सांगेल ते लिहून देणारं माणूस) आणि ताशी २० मिनिटं जादा वेळ, आणि आठवड्यातून दोनदा गणिताच्या सरांनी तिला पुढचं काही द्यावं. खाली कायद्याचं नाव, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १६ आणि १७. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. क्लार्कने पोच द्यायला पाऊण तास लावला. मुख्याध्यापक सर दुखावले, म्हणाले अहो ताई तोंडी सांगितलं असतं तरी केलं असतं, एवढं कागदोपत्री कशाला, आपण काय परके आहोत का.

आणि वर्ग तिसऱ्या दिवशी खाली आला. दुसरीचा वर्ग वर गेला, सहावी ब खाली. झालं. जे इमारतीमुळं अशक्य होतं ते वेळापत्रकाच्या एका कागदाने झालं.

इथं जरा कायद्याचं सांगतो कारण हे पालकांना कुणी सांगत नाही. जादा वेळ आणि लेखनिक ही दहावीची सवलत आहे असं सगळ्यांना वाटतं, शाळांनाही. तसं नाहीये, महाराष्ट्राचा २०१८ चा शासन निर्णय पहिली ते बारावीसाठी आहे. तीन तासांचा पेपर असला तर पूर्ण एक तास जादा. दुसरं, चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला नाही म्हणून लेखनिक नाही असं सर्रास सांगतात. २०२१ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की लिहिण्यात अडचण आहे तर लेखनिक मिळाला पाहिजे, चाळीस टक्क्यांची अट त्याला लावता येत नाही. त्या मुलाला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे लिहायला घेतलं की हात आखडतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्ग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अडचण, असलेल्या एका मुलीची केस झाली, नीटच्या परीक्षेत तिला जादा तास दिलाच नाही, पेपर काढून घेतला. कोर्टाने परीक्षा घेणाऱ्या संस्थेला झापलं, अन्याय दुरुस्त करा म्हणाले, पण परत परीक्षा नाही दिली. हे मला सगळ्यात जास्त लागलं. कोर्टात बरोबर ठरूनसुद्धा तो एक तास परत मिळत नाही.

आता यावर जे लोक म्हणतात की बाकीच्या मुलांवर अन्याय होतो, एकीला जास्त वेळ कसा, त्यांना मी एवढंच विचारतो की तुमच्या पोराला चष्मा आहे का. तो काढून ठेवून फळा वाचायला सांगा, सगळ्यांना सारखं. बाईंवर भार पडतो हे मात्र मला शंभर टक्के मान्य आहे, ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. सुप्रीम कोर्टानेच २०२१ मध्ये सांगितलंय की प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागं एक विशेष शिक्षक आणि वरच्या वर्गांना पंधरा मुलांमागं एक. आमच्याकडं काय, एक फिरते विशेष शिक्षक, एवढ्या शाळा, ते आले की स्वाक्षरी करून, पोरीशी दोन शब्द बोलून पुढच्या शाळेला. माणूस चांगला, पण गाडीवरच आयुष्य गेलं त्यांचं. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत, इथं सोलापूर शहरात आमची ही तऱ्हा तर करमाळ्याच्या नाहीतर सांगोल्याच्या वस्तीवरच्या पोराचं काय होत असेल, आणि तिथं तर बदलायला दुसरी शाळाच नाही. शाळा बदलणं ही शहरातल्या आणि रिक्षा परवडणाऱ्या माणसाची चैन आहे हे पण आपण मान्य करू.

आणि म्हणूनच मला ते गुपचूप शाळा बदलणं खटकतं. कळतं, पण खटकतं. एक हुशार पोरगी, तिचे आईबाप शिकलेले, भांडू शकणारे, ते गुपचूप दाखला काढून निघून जातात, मुख्याध्यापक सुटकेचा श्वास सोडतात, रॅम्प घसरगुंडीच राहतो, आणि दोन वर्षांनी विडी कामगाराचं पोरगं त्याच शाळेत येतं, ज्याच्या आईला एक दिवस शाळेत येऊन भांडायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडायची. त्या पोराला परत पहिल्यापासून. आधीच्या पोरीने शाळा का सोडली हे कुठं लिहिलेलंच नाही ना. लिहिलंय, पालकांच्या विनंतीनुसार.

पण याची दुसरी बाजू पण आहे आणि तिच्यावर माझं आणि ताईचं एकदा जोरात वाजलं. मी म्हणलं आपण सोडायची नाही शाळा, लढू. ताई म्हणाली, तू लढ ना, तुझी शाळा संपली कधीच. रोज सकाळी सात वाजता त्या गेटमधून तिला जायचंय, तुला नाही. पोरगी म्हणजे काय तुझ्या मोर्चाचा झेंडा आहे का? गप बसलो. बरोबरच होतं तिचं. सामाजिक बदलाचं ओझं अकरा वर्षांच्या पोरीच्या दप्तरात घालायचा हक्क मला नाही, मामा असलो तरी.

त्यातून मधला रस्ता काढला तो असा, आणि मला अजून तो पटतो. लेखी मागा. एक सत्र थांबा, जून ते दिवाळी, फार तर मार्च. त्या काळात पोराला विचारत राहा, पण 'शाळा बदलायची का' असं विचारू नका, त्याला ते काय सांगणार. आज वर्गात कधी हसलीस, आज कुठला प्रश्न अवघड होता, आज कुणाशेजारी बसलीस, असं विचारा. अवघड प्रश्नाबद्दल महिनाभर काहीच सांगितलं नाही तर समजा की डोकं उपाशी आहे. भाची सहावीत खाली आली आणि खूश होती, मैत्रीण शेजारी, मधल्या सुट्टीत अंगणात जाता येत होतं. पण अवघड प्रश्न? एकही नाही. गणिताच्या सरांना तिसऱ्या मागणीबद्दल विचारलं तर ते म्हणाले वर्ग खाली आणून दिला की, आता आणखी काय. लेखनिकाबद्दल म्हणाले दहावीला बघू.

वार्षिक परीक्षेत गणिताच्या पेपरात तिने जेवढं लिहिलं तेवढं सगळं बरोबर होतं. शेवटचे दोन प्रश्न कोरे, वेळ संपली. प्रगतीपुस्तकावर शेरा, लेखनाचा वेग वाढवावा.

त्या शेऱ्यावर ठरलं. जिने मागून, थांबून, बघितलं तिने सोडताना अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही असं माझं मत आहे. शाळा बदलायला योग्य वेळ कुठली तर ही, जेव्हा शाळा एक हात पुढं करून दुसरा मागं घेते आणि ते कागदावर दिसतं. इमारत जुनी आहे म्हणून सोडू नका, निकाल कमी लागतो म्हणून सोडू नका, बोर्ड वेगळं पाहिजे म्हणून तर मुळीच नाही. भाषेचा विचार करा मात्र. आमच्या सोलापुरात पोराच्या कानावर घरी तेलुगू नाहीतर कन्नड, गल्लीत मराठी, टीव्हीवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी, हे चांगल्या पोराला वरदान आहे पण ज्याला लिहिण्या-वाचण्याची अडचण आहे त्याला मीडियम बदललं की सगळं पहिल्यापासून. दिव्यांग कायद्याच्या कलम १७ मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट द्यायची तरतूद याच कारणाने आहे.

नवी शाळा बघताना आम्ही लिफ्ट नाही बघितली. शाळेत गेलो तेव्हा ताईने भाचीला सरांसमोर बसवलं आणि गप्प राहिली. तिघा मुख्याध्यापकांनी पहिला प्रश्न ताईला विचारला, हिला काय होतं? चौथे सर भाचीला म्हणाले, तुला काय आवडतं गं. ही म्हणाली काउंट. सरांना वाटलं काउंटिंग, हिने मग सुताचं सगळं समजावलं, तर सर खुर्चीवरून पुढं झाले आणि म्हणाले, थांब, मग दोन पदरी चाळीस म्हणजे वीस का? ती शाळा बैठी आहे, पत्र्याची, वर्गात तीस पोरं, जाहिरात नाही, बस नाही, निकाल पेपरात येत नाही. गल्लीत सगळे म्हणतात एवढी हुशार पोरगी आणि त्या शाळेत? काय बोलणार. लेखनिकाचं त्यांनी पहिल्या दिवशी लिहून दिलंय, बाकी कसं जमतंय ते वर्षभर बघू, मी काही लगेच आरती ओवाळणार नाही. आणि तिची मैत्रीण जुन्या शाळेतच राहिलीय, त्याचं भाचीला अजून वाईट वाटतं, रविवारी तिला घेऊन येतो मी गाडीवर.

सरकारला मागायचं तर मी एकच गोष्ट मागेन, नवी योजना नको. दिव्यांग मुलाने मध्येच शाळा बदलली तर दाखल्यावर खरं कारण लिहा आणि तो कागद शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर जाऊ द्या. फोन करून एवढंच विचारायला सांगा, काय झालं होतं. खर्च शून्य. एका शाळेतून तीन वर्षांत अशी चार पोरं गेली तर कुणालातरी दिसेल तरी. आत्ता ती दिसतच नाहीत कारण कागदावर सगळे आपल्या मर्जीने गेलेत.

दाखला आणायला मी आणि ताई गेलो होतो. क्लार्कने विचारलं कारण काय लिहू. ताई म्हणाली, परीक्षेत लेखनिक व जादा वेळ न मिळाल्याने. त्याने पेन खाली ठेवला. मॅडम असं कुणी लिहीत नाही, पुढच्या शाळेला वाटेल पालक भांडखोर आहेत, पोरीलाच त्रास. मला माहिती होतं की दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे ते, म्हणजे आम्ही अडून बसू शकलो असतो. पण बाहेर ४२ डिग्री, भाची रिक्षात बसलेली, रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. ताईने माझ्याकडं बघितलं, मी घड्याळाकडं बघितलं.

पालकांच्या विनंतीनुसार असंच आहे दाखल्यावर. जूनच्या त्या अर्जाची पोच घेतलेली प्रत मात्र ताईने मागं स्टेपल करून ठेवलीय, आणि झेरॉक्स काढताना दोन्ही पानांची काढते.